पाण्यातील शिसे मोजणारा संवेदक : कामाच्या नोंदी (इंदूर, जानेवारी ते मे २०२५)

११ जानेवारी

हाती घेतलेले काम असे : घरचा नळ आणि कॉलनीतले बोअर यांच्या पाण्यात शिसे किती आहे, हे दहा मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खालीसुद्धा भरवशाने सांगू शकेल असे उपकरण, बाजारात सहज मिळणाऱ्या भागांतून उभे करणे. दहाचा आकडा आमच्या मनाचा नाही. पिण्याच्या पाण्यासाठी असलेल्या आयएस १०५००:२०१२ या मानकात शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि ‘दुसरा स्रोत नसल्यास एवढे चालेल’ अशी जी सवलत काही घटकांना मिळते, ती शिशाला दिलेली नाही. कॅडमियमची मर्यादा याहून कडक, म्हणजे ०.००३ मिलिग्रॅम आहे. ते जमल्यास पुढे पाहू.

पद्धत स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्रीची ठरली. इलेक्ट्रोडवर ऋण विभव (व्होल्टेज) देऊन पाण्यातला धातू काही मिनिटे त्यावर साचवायचा, मग विभव हळूहळू धनाकडे नेत तो परत विरघळवायचा आणि त्या वेळी वाहणारा विद्युतप्रवाह मोजायचा. शिसे आपल्या ठरावीक विभवावर शिखर दाखवते आणि शिखराच्या उंचीवरून त्याचे प्रमाण निघते. पूर्वी हे काम पाऱ्याच्या थेंबावर होत असे. घरात पारा आणायचा नाही हे पहिल्या दिवशीच ठरले, म्हणून २००० सालापासून रुळलेला बिस्मथच्या पातळ थराचा मार्ग घेतला. पुतणी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र शिकते. द्रावणे तिच्याकडे आणि वायरी माझ्याकडे, अशी वाटणी आहे.

१८ जानेवारी

जेल रोडवरून इलेक्ट्रॉनिक भाग आणले : आर्डुइनो नॅनोची नक्कल, आकड्याचे व्होल्टेज करणारा बारा बिटांचा एमसीपी४७२५ (डीएसी), व्होल्टेज आकड्यात वाचणारा सोळा बिटांचा एडीएस१११५ (एडीसी), एमसीपी६००४ या ऑप-अँपच्या (संकेत वाढवणाऱ्या मंडळाच्या) दोन आयसी आणि किरकोळ रोधक-धारित्रे. सर्व मिळून चौदाशे रुपयांच्या आसपास गेले. संवेदकांसाठीच बनवलेली एलएमपी९१००० ही तयार चिप दुकानदार सुचवत होता. ती घेतली नाही, कारण तिच्यात विभवाच्या पायऱ्या टक्क्यांत आणि फार मोठ्या आहेत, तर आम्हाला चार-चार मिलिव्होल्टच्या पायऱ्या हव्या आहेत. एमसीपी४७२५ पाच व्होल्टवर सव्वा मिलिव्होल्टची पायरी देतो, ते पुरेसे आहे.

डीएसी आणि एडीसी आतच असलेला ईएसपी३२ हा नियंत्रक घेऊन त्या दोन्ही आयसींचा खर्च वाचवावा असा मोह अनेकांना होईल. त्याचा अंगभूत डीएसी आठच बिटांचा आहे आणि एडीसी सरळ रेषेत वागत नाही. दोनतीनशे रुपये वाचवून पुढे महिनाभर त्या वक्रतेशी झगडण्यात अर्थ नाही.

२६ जानेवारी

पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे इलेक्ट्रोडचे विभव ठरवून प्रवाह मोजणारे मंडळ, ब्रेडबोर्डवर उभा राहिला. पाण्यात तीन इलेक्ट्रोड असतात : धातू ज्यावर साचतो तो कार्यकारी, विभव ज्याच्या तुलनेत मोजायचे तो संदर्भ आणि प्रवाहाची वाट पूर्ण करणारा सहायक; हे सगळे ज्या भांड्यात, ती पेशी. एक ऑप-अँप विभव नियंत्रित करतो, दुसरा संदर्भ इलेक्ट्रोडचे विभव प्रवाह न ओढता वाचतो आणि तिसरा कार्यकारी इलेक्ट्रोडचा प्रवाह व्होल्टमध्ये बदलतो. तिसऱ्यावर १०० किलोओहमचा रोधक आहे; एडीएस१११५ ४.०९६ व्होल्टच्या पल्ल्यावर ठेवला तर एक पायरी सव्वा नॅनोअँपिअरची पडते. पाण्यात काही बुडवण्याआधी इलेक्ट्रोडांच्या जागी १० किलोओहमचा रोधक आणि एक धारित्र जोडून ही खोटी पेशी तपासली. ही पायरी कुणी गाळू नये; पुढे शिखर वाकडे आले की दोष मंडळात आहे की रसायनात, हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो.

खोट्या पेशीवर सरळ रेषेऐवजी जाड पट्टा दिसत होता. तो घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा गुंजारव होता. लॅपटॉपचा चार्जर काढला की तो निम्मा होत असे, मंडळ बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा अर्थिंगला जोडला की आणखी कमी होत असे, पण जाईना. खरा उपाय वेळेच्या गणितात निघाला. स्ट्रिपिंगच्या वेळी विभवाच्या पायऱ्यांवर वर-खाली होणारा चौरस तरंग चढवलेला असतो; त्याची वारंवारता २५ हर्ट्झवरून १२.५ वर आणली, त्यामुळे प्रत्येक अर्धा भाग ४० मिलिसेकंदांचा झाला. त्यातले पहिले २० मिलिसेकंद सोडून द्यायचे आणि उरलेल्या २० मिलिसेकंदांतल्या सर्व वाचनांची सरासरी घ्यायची. २० मिलिसेकंद म्हणजे विजेचे नेमके एक आवर्तन, त्यामुळे गुंजारवाची वरची आणि खालची बाजू एकमेकांना खोडून काढते. एडीएस१११५ सेकंदाला ८६० वाचने देतो, म्हणजे एका सरासरीत सतरा वाचने येतात. वारंवारता उतरवल्यावर शिखराची उंची कमी होते हे खरे, पण पट्टा त्याहून कितीतरी जास्त बारीक झाला.

पायरी ४ मिलिव्होल्ट, आयाम २५ मिलिव्होल्ट. या वेगाने उणे १.२ पासून उणे ०.३ व्होल्टपर्यंतचा प्रवास अठरा सेकंदांत होतो.

२ फेब्रुवारी

कार्यकारी इलेक्ट्रोड म्हणून क्लच पेन्सिलीची दोन मिलिमीटर जाडीची ग्राफाइटची कांडी वापरली. छापील इलेक्ट्रोडच्या पट्ट्या मिळतात, पण त्या महाग आहेत आणि प्रत्येक मोजणीला नवी लागते. कांडीच्या बाजूंवर नेलपॉलिशचे दोन हात दिले, टोक तिरपे न होऊ देता कापले आणि काचेवर ठेवलेल्या १२०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासले.

पहिल्याच मोजण्यांत, ज्यात तांबे असण्याचे काहीही कारण नव्हते अशा पाण्यात, तांब्याची खूण येऊ लागली आणि दर मोजणीगणिक वाढू लागली. पाण्यावर, बफरवर (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणावर), बाटलीवर संशय घेऊन झाला. शेवटी कांडी बाहेर काढून भिंगाखाली पाहिली तेव्हा नेलपॉलिश आणि ग्राफाइट यांच्यामधल्या फटीतून द्रावण केशाकर्षणाने वर चढलेले दिसले. ओलाव्याची ती करडी रेघ थेट मगरचिमट्याच्या दातांपर्यंत पोचली होती, आणि दातांच्या टोकांना हिरवट पूड धरली होती. चिमट्याचे तांबे विरघळून त्याच वाटेने खाली येत होते.

कांड्या वितळलेल्या मेणात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवल्या. मेणाने आतली छिद्रे बुजली. वरून हीट-श्रिंक नळी चढवली, चिमटा द्रावणापासून चांगला वर घेतला आणि टोक पुन्हा घासून उघडे केले. ती खूण परत आलेली नाही. सहायक इलेक्ट्रोडलाही असलीच कांडी लावली. जुन्या सेलमधली कार्बनची कांडी फुकट मिळते, पण तिच्यात मँगॅनीज आणि जस्त मुरलेले असते, तेव्हा इथे तो विचार सोडावा.

९ फेब्रुवारी

संदर्भ इलेक्ट्रोडसाठी चांदीची तार लागते आणि चांदी हवी तर इंदुरात सराफ्याशिवाय दुसरीकडे जाण्याचे कारण नाही. मात्र दागिन्याच्या चांदीत तांबे मिसळलेले असते, म्हणून टंच (शुद्धता) विचारूनच घ्यावी. दुकानदार म्हणाला, “भिया, पायल बनवानी है तो ये वाली ले जाओ, मजबूत है.” मजबुती तांब्यामुळेच येते. शुद्ध चांदीची मऊ तार मागितल्यावर त्याने समोरच वजन करून दिली.

तार घासून घरगुती ब्लीचमध्ये अर्धा तास ठेवली की तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा करडा-जांभळा थर चढतो. थर चढलेली तार थेट नमुन्यात बुडवली तर तिचे विभव नमुन्यातल्या क्लोराइडवर अवलंबून राहते. क्लोराइड दहापट बदलले की साधारण ५९ मिलिव्होल्ट सरकते, म्हणजे नळाच्या पाण्यातले शिशाचे शिखर बोअरच्या पाण्यात भलत्याच जागी उभे दिसते. म्हणून तार तीन मोलर पोटॅशियम क्लोराइड भरलेल्या बारीक नळीत घातली आणि नळीचे तोंड त्याच द्रावणात शिजवलेल्या अगारने, म्हणजे जेलीसारख्या घट्ट पदार्थाने, बंद केले. अशा दोन नळ्या करून मल्टिमीटरने एकमेकींशी तपासल्या. फरक दोन मिलिव्होल्टच्या आत आला. दोन करण्याचा फायदा असा की एक बिघडली तर लगेच कळते.

ढवळणीसाठी कॉम्प्युटरचा जुना पंखा आणि त्यावर चिकटवलेले दोन चुंबक वापरले. पंख्याला वेगळा रेग्युलेटर दिला, कारण वेग बदलला की साचणारे शिसेही बदलते. साचवण संपल्यावर ढवळणी बंद करून पंधरा सेकंद पाणी स्थिर होऊ द्यायचे आणि मगच स्ट्रिपिंग सुरू करायचे.

१६ फेब्रुवारी

या नोंदीपासून पुढचे तीन आठवडे एकाच प्रश्नात गेले आणि या सगळ्या लिखाणात इतरांच्या उपयोगाचे सर्वात जास्त इथेच आहे.

उपकरण तयार झाले, ०.१ मोलर ॲसिटेट बफर (पीएच ४.५) केला, त्यात लिटरला ५०० मायक्रोग्रॅम बिस्मथ घातले, उणे १.२ व्होल्टवर तीन मिनिटे साचवले आणि स्ट्रिपिंग केले. उणे ०.५५ व्होल्टच्या आसपास शिशाचे सुबक, टोकदार शिखर आले. अडचण एवढीच की त्या भांड्यात शिसे घातलेलेच नव्हते. हा ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवायची नुसत्या रसायनांची मोजणी होती. प्रमाण द्रावण घालून पाहिले तेव्हा ब्लँकमधले शिखर लिटरला सुमारे १२ मायक्रोग्रॅमचे निघाले, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त शिसे आमच्या स्वतःच्या रसायनांतच होते.

पुतणीचा पहिला संशय बिस्मथवर गेला. संशय रास्त होता, कारण बिस्मथ बऱ्याच अंशी शिशाच्या शुद्धीकरणातून मिळणारे उपउत्पादन आहे. पण हिशेब केला तर बिस्मथमध्ये हजारात एक भाग शिसे असले तरी ५०० मायक्रोग्रॅममागे अर्धाच मायक्रोग्रॅम येतो. बिस्मथ निम्मे करून पाहिले, शिखर तेवढेच राहिले. बिस्मथ सुटले.

मग सोडियम ॲसिटेटच्या बाटलीवरचा कागद नीट वाचला. एआर (विश्लेषणासाठीचा शुद्ध) दर्जा, आणि ‘जड धातू (शिसे धरून) कमाल ०.०००५ टक्के’. हा आकडा कागदावर नगण्य वाटतो. पण ०.१ मोलर बफरला ट्रायहायड्रेट ॲसिटेट लिटरला १३.६ ग्रॅम लागते, आणि ०.०००५ टक्के म्हणजे दशलक्षात पाच भाग. गुणाकार केला तर लिटरला ६८ मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे येऊ शकते, तेही बाटलीवरच्या हमीच्या पूर्ण आत राहून. उत्पादकाचे काही चुकलेले नाही. ज्या कामासाठी ती बाटली विकली जाते त्याच्या मानाने ती शुद्धच आहे. आमचे काम त्याहून बारीक आहे. पुतणी म्हणाली, “काका, महिनाभर आपण पाणी मोजायची तयारी करत होतो आणि मोजली बाटली.”

२३ फेब्रुवारी

दोन उपाय केले. पहिला, बफर पाचपट पातळ, म्हणजे ०.०२ मोलर करणे. त्याने अशुद्धीही पाचपट उतरते. दुसरा, उरलेली अशुद्धी विजेनेच काढणे. एक मोलर ॲसिटेटचे साठवणीचे द्रावण घेतले, त्यात ग्राफाइटच्या कांड्यांची जुडी कॅथोड म्हणून सोडली, सहायक इलेक्ट्रोड अगारच्या पुलापलीकडे वेगळ्या भांड्यात ठेवला आणि उणे १.३ व्होल्टवर रात्रभर ढवळत ठेवले. संवेदकात जे तीन मिनिटे चालते तेच इथे रात्रभर चालते आणि शिसे जुडीवर जाऊन बसते.

सकाळी करायची एक गोष्ट ठळकपणे लिहून ठेवतो : जुडी बाहेर काढताना वीज चालूच ठेवावी. आधी स्विच बंद केला तर साचलेला धातू काही मिनिटांत परत द्रावणात उतरतो आणि रात्र वाया जाते. आमची एक गेली. रात्रभराच्या कामाने द्रावणाचा पीएचही थोडा वर सरकतो, म्हणून तो वापरापूर्वी तपासावा.

२ मार्च

ब्लँक १२ वरून साडेतीनवर आला आणि तिथे अडला. आता रसायने सोडून भांडी आणि हात यांच्याकडे वळलो.

काचेच्या बाटल्या काढून टाकल्या. पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून, ऊर्ध्वपातित पाण्याने अनेकदा विसळून, झाकण लावूनच ठेवायचे ठरवले. हातमोजे पावडर नसलेले आणले, कारण पावडरच्या मोज्यांनी जस्ताचे भलेमोठे शिखर येत होते. पितळी कुलपाची किल्ली फिरवून त्याच हाताने पिपेटचे टोक लावायचे नाही. हे वाचायला सोवळ्याच्या नियमांसारखे वाटेल, पण इथे विटाळ यंत्राला दिसतो.

टेबल खिडकीखाली होते. घर जुने आहे आणि खिडकीच्या लाकडी चौकटीला कित्येक वर्षांपूर्वीचा ऑइलपेंट आहे, जो पापुद्रे धरून सुटतो. सजावटीच्या रंगांत शिसे ९० पीपीएमच्या (दशलक्षात ९० भागांच्या) आत ठेवण्याचे नियम आपल्याकडे २०१६ सालचे; हा रंग त्याच्या फार आधीचा. चौकटीवरची पूड ओल्या कापडाने पुसून घेतली, टेबल आतल्या खोलीत हलवले आणि पेशीवर ॲक्रिलिकचे झाकण केले.

८ मार्च

ब्लँक एकच्या खाली आला, आणि मुख्य म्हणजे दिवसेंदिवस तेवढाच येतो. बाटल्या, मोजे आणि टेबल एकाच आठवड्यात बदलल्यामुळे कोणत्या बदलाने किती फरक पडला हे आता वेगळे काढता येणार नाही. पुन्हा करणाऱ्याने एकेक बदल करावा, आठवडे जास्त गेले तरी चालतील.

ब्लँकच्या चढउताराच्या तिपटीवरून शोधमर्यादा, म्हणजे भरवशाने ओळखता येणारे कमीत कमी प्रमाण, काढली तर ती लिटरला दोन मायक्रोग्रॅमच्या किंचित खाली येते. मोठे शिखर दाखवणारी नवनवी लेपने शोधण्याकडे लोकांचा ओढा असतो. आमच्या अनुभवात इलेक्ट्रोड पहिल्या महिन्यापासून पुरेसा संवेदनशील होता. ब्लँक खाली आला नसता तर तीच संवेदनशीलता आमची स्वतःची घाण अधिक ठसठशीतपणे दाखवत बसली असती.

२० मार्च

प्रमाण द्रावण : १.५९८ ग्रॅम लेड नायट्रेट एक टक्का नायट्रिक आम्लात विरघळवून एक लिटर केले की लिटरला एक ग्रॅम शिसे मिळते. त्यावरून लिटरला १० मिलिग्रॅमचे रोजच्या वापराचे द्रावण करायचे. पेशीत २० मिलिलिटर नमुना आणि त्यात या द्रावणाचे २० मायक्रोलिटर, म्हणजे बरोबर १० मायक्रोग्रॅम प्रति लिटरची वाढ. याहून पातळ द्रावणे करून ठेवू नयेत. आम्ल कमी असले की शिसे बाटलीच्या भिंतीला चिकटून एका दिवसात कमी होते.

सर्व मोजण्या नमुन्यातच ज्ञात शिसे घालून करायच्या, शुद्ध पाण्यातल्या आलेखावरून नाही, असे ठरले. कारण बोअरच्या पाण्यात तोच संवेदक जवळजवळ निम्मी उंची दाखवत होता.

अगार सुकलेली एक संदर्भ नळी काल बदलायची होती आणि तार संपली होती, पण रंगपंचमीच्या गेरमुळे (रंगांच्या मिरवणुकीमुळे) राजवाडा-सराफ्याकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरी नळी होती म्हणून काम थांबले नाही.

२९ मार्च

बोअरच्या पाण्यात उंची निम्मी का, याचे उत्तर फेब्रुवारीतल्या उपायातच दडलेले निघाले. माळव्यातल्या काळ्या पाषाणातले पाणी जड आहे. आमच्या बोअरचे क्षारत्व (आम्ल मारण्याची क्षमता) कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरला ३५० मिलिग्रॅम, म्हणजे सात मिलिइक्विव्हॅलंट भरले. ०.१ मोलर बफरने हे सहज पचवले असते, पीएच ४.५ वरून ४.६ च्या थोडा वर गेला असता. आम्ही ब्लँकच्या धाकाने बफर ०.०२ मोलर केला होता; त्यात तेच क्षारत्व पीएच ५.१ पर्यंत चढवते. त्या पीएचला इलेक्ट्रोडवर बिस्मथचा थर नीट बसत नव्हता.

बफर परत दाट केला असता तर ब्लँक परत चढला असता. त्यावर पुतणीने काढलेली तोड मला फार आवडली. नमुना टिकावा म्हणून बाटलीत तसेही नायट्रिक आम्ल घालावे लागते : अर्ध्या लिटरला अर्धा मिलिलिटर संहत आम्ल, म्हणजे लिटरला सुमारे १६ मिलिइक्विव्हॅलंट. त्यातले सात क्षारत्व मारण्यात खर्च होतात, नऊ उरतात. आता बफर वेगळा घालायचाच नाही. विजेने शुद्ध केलेले नुसते सोडियम ॲसिटेट लिटरला १४ मिलिमोल होईल एवढे घालायचे. उरलेले आम्ल त्यातल्या नवांचे ॲसेटिक आम्ल करते, पाच ॲसिटेट म्हणून राहतात आणि पीएच आपोआप ४.५ वर बसतो. २० मिलिलिटरला एक मोलर द्रावणाचे २८० मायक्रोलिटर लागतात. यासाठी प्रत्येक पाण्याचे क्षारत्व आधी मोजावे लागते, पण ते साधे टायट्रेशन आहे.

आम्ल घातल्यावर कार्बन डायॉक्साइडचे बुडबुडे सुटतात. बाटली हलवून, थोडा वेळ उघडी ठेवून ते जाऊ द्यावेत. नाहीतर साचवण चालू असताना एखादा बुडबुडा कांडीच्या टोकावर येऊन बसतो आणि त्या मोजणीचे शिखर अर्ध्यावर येते.

या बदलानंतर बोअरच्या पाण्यात मुद्दाम घातलेल्या दहापैकी साडेनऊ मायक्रोग्रॅम परत मिळू लागले.

१३ एप्रिल

आता नळ. इंदुरात जलूदहून उपसून आणलेले नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, ते आमच्या हौदात पडते, तिथून टाकीत आणि टाकीतून नळाला. स्वयंपाकघरातला नळ जुना पितळी आहे. पितळ लेथवर सहज कापले जावे म्हणून त्यात दोन-तीन टक्के शिसे घालण्याची रीत आहे, त्यामुळे रात्रभर नळात थांबलेले पाणी हाच सर्वात संशयास्पद नमुना ठरतो. पहाटे नळ उघडताच पहिले पाव लिटर एका बाटलीत आणि दोन मिनिटे पाणी सोडल्यानंतरचे दुसऱ्या बाटलीत घेतले.

पहिल्या बाटलीत शिशाचे शिखर रुंद, बुटके आणि खांदा पडलेले आले. घातलेले शिसेही त्यात निम्मेच परत मिळत होते. पितळेतून शिशाबरोबर तांबे आणि जस्तही येतात आणि ते कितीतरी जास्त येतात; तांबे इलेक्ट्रोडवर जागेसाठी बिस्मथशी भांडते. जस्ताचा बंदोबस्त सोपा होता : साचवण उणे १.२ ऐवजी उणे १.० व्होल्टवर केली की जस्त बसतच नाही, शिसे आणि कॅडमियम मात्र बसतात. तांब्यासाठी पेशीत ०.१ मिलिमोलर पोटॅशियम फेरोसायनाइड घातले, जे तांब्याला बांधून ठेवते. शिखर सरळ झाले आणि घातलेल्या शिशाची वसुली नव्वद टक्क्यांच्या वर गेली.

फेरोसायनाइड घालताना क्रम पाळावा : आधी ॲसिटेट, पीएच ४.५ झाल्याची खात्री, मगच फेरोसायनाइड. तीव्र आम्लात, विशेषतः गरम असताना, त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. त्याच कारणाने हे सांडपाणी आम्लाच्या कॅनमध्ये ओतायचे नाही. त्याला वेगळा कॅन, वेगळी चिठ्ठी.

२० एप्रिल

वेगवेगळ्या पहाटेच्या नमुन्यांत पहिल्या पाव लिटरमध्ये ११ ते १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर शिसे मिळाले; दोन मिनिटांनंतरचे पाणी आमच्या शोधमर्यादेखाली, म्हणजे दोनपेक्षा कमी. बोअरचे पाणीही दोनच्या खाली. म्हणजे शिसे नर्मदेत नाही, हौदातही नाही; ते शेवटच्या वीतभर पितळेत आहे.

पडताळणीसाठी दोन्ही नळाचे नमुने एका खासगी प्रयोगशाळेत दिले. अहवालात दोन्हींपुढे ‘बीडीएल’, म्हणजे शोधमर्यादेखाली, आणि शेवटच्या रकान्यात शोधमर्यादा : ५० मायक्रोग्रॅम. ज्वालेवरच्या एएएस यंत्राला (धातूने शोषलेल्या प्रकाशावरून प्रमाण मोजणाऱ्या) एवढेच दिसते. मानक दहाचे असताना पन्नासखालचे न दिसणाऱ्या यंत्राने दिलेला ‘आढळले नाही’ हा शेरा लोक ‘पाणी शुद्ध’ असा वाचतात, ही गोष्ट मला आमच्या आकड्यांपेक्षा जास्त गंभीर वाटते. नमुना देण्याआधी यंत्र कोणते आणि शोधमर्यादा किती, हे लेखी विचारून घ्यावे. दुसरीकडे आयसीपी-एमएसवर, म्हणजे धातूचे अणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या अधिक संवेदनशील यंत्रावर, करून घेतले. फी जवळजवळ तिप्पट पडली. तिथे पहिल्या बाटलीत १३.१ आणि दुसरीत १.२ आले. त्याच बाटल्यांचे आमचे आकडे १२ आणि ‘दोनपेक्षा कमी’ असे होते.

एक मर्यादा नोंदवतो. ही पद्धत मोकळे किंवा सहज सुटणारे शिसेच पाहते. गाळाच्या कणांत किंवा सेंद्रिय द्रव्यात घट्ट धरलेले शिसे तिला दिसत नाही. नळाच्या स्वच्छ, आम्ल घातलेल्या पाण्यात फरक किरकोळ आहे. नदीच्या किंवा नाल्याच्या पाण्यावर आधी पचनाची, म्हणजे आम्लात तापवून धरलेला धातू मोकळा करण्याची, प्रक्रिया केल्याशिवाय हा संवेदक लावू नये. त्या पाण्यातल्या साबणानेच इलेक्ट्रोड झाकला जाईल आणि उत्तर शून्य येईल.

११ मे

पारा चाळिशीवर. खोली तापली की शिखर उंच येते, कारण विसरण वाढते, पण ज्ञात शिसे त्याच नमुन्यात घालत असल्यामुळे उत्तरात फरक पडत नाही. अगारची तोंडे मात्र दोन दिवसांत सुकतात; नळ्या आता पोटॅशियम क्लोराइडमध्ये उभ्या करून फ्रिजच्या दारात ठेवतो, वर ‘पिऊ नये’ अशी चिठ्ठी लावून. वीज गेल्याने साचवण मध्येच तुटली तर ती मोजणी टाकून द्यावी, पुढे जोडू नये.

एकूण खर्च साडेआठ हजारांच्या घरात गेला. त्यातले मंडळाचे सुमारे चौदाशे आणि चांदीचे त्याहून कमी. बाकी सगळे बाटल्या, आम्ल, ऊर्ध्वपातित पाणी, मोजे आणि दोन प्रयोगशाळांची फी. पितळी नळ बदलून स्टेनलेस स्टीलचा बसवला आहे. त्याच्या पहिल्या पाव लिटरचे आकडे आल्यावर इथेच लिहीन.

याच मंडळावर आर्सेनिक किंवा निकेल होईल का, असे पुतणीच्या वर्गातल्या मुलांनी विचारले आहे. मंडळावर होईल, पण आजच्या पद्धतीने नाही. आर्सेनिकला सोन्याचा पृष्ठभाग लागतो. निकेल असे साचवून चालत नाही. त्याला डायमिथाइलग्लायॉक्सिमशी बांधून पृष्ठभागावर धरावे लागते आणि तेही अमोनियाच्या अल्कधर्मी बफरमध्ये. कॅडमियमचे शिखर उणे ०.८ व्होल्टच्या आसपास स्वच्छ येते, पण त्याची मर्यादा तीन मायक्रोग्रॅमची आहे आणि आमचा कॅडमियमचा ब्लँक अजून रोज वेगळा येतो, तेव्हा तो आकडा आज देत नाही.